उडणाऱ्या नायकाला अडवायचे कशाने?

तुमच्या चौघांच्या प्रश्नाचा सारांश आधी देतो, म्हणजे हे उत्तर दुसऱ्या कोणी वाचले तरी त्याला संदर्भ लागेल. नाशिकमध्ये राहून, नोकरी आणि कॉलेज सांभाळत, तुम्ही अकरा महिन्यांत एका सुपरहिरो गेमचा पंधरा मिनिटांचा प्रोटोटाइप, म्हणजे कल्पना तपासण्यापुरता कच्चा नमुना, तयार केला आहे. तो अजून कुठेही प्रसिद्ध झालेला नाही. त्यातला नायक उडतो, गुंडांना झोडपतो आणि शेवटी गोदावरीच्या पुरातून चार माणसांना वाचवतो. हा गेम पुढे न्यावा का, आणि आज आहे त्या स्थितीत तो प्रकाशकाला दाखवावा का, असे दोन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. पहिल्याचे उत्तर ‘हो, पण तुमच्या मनात आहे तो गेम नव्हे’ असे आहे, आणि त्यासाठी थोडा विस्तार करावा लागेल.

बिल्डसोबत, म्हणजे गेमच्या खेळता येणाऱ्या आवृत्तीसोबत, पाठवलेली नऊ पानांची टिपणे मी मुद्दाम उघडली नाहीत. खेळणाऱ्याच्या हातात टिपणे नसतात; त्याच्या हातात कंट्रोलर असतो आणि समोर पडदा असतो, आणि जे त्या पडद्यावर कळत नाही ते गेममध्ये नाही असेच धरावे लागते. शिवाय प्रोटोटाइपचे मूल्यमापन म्हणजे तयार गेमचे परीक्षण नव्हे. परीक्षण लिहिणारा माणूस गेम विकत घेण्याजोगा आहे का ते सांगतो, म्हणून त्याला चित्रे, संगीत, कथा, लांबी असे सगळेच पाहावे लागते. प्रोटोटाइपकडे पाहताना मी एवढेच विचारतो की तो कोणत्या शंकेचे निरसन करण्यासाठी बांधला गेला आणि ते निरसन झाले का. त्यामुळे पत्रात तुम्ही चित्रांच्या दर्जाबद्दल जी लांबलचक दिलगिरी व्यक्त केली आहे, तिची मुळीच गरज नव्हती. करड्या ठोकळ्यांची घरे असती तरी माझे मत हेच राहिले असते.

मी स्वतः दोनदा खेळलो आणि नंतर सात जणांना खेळायला बसवले. त्यांत कॉलेजात शिकणारे दोन भाचे होते, शेजारची दहावीतली मुलगी होती, माझे दोन जुने सहकारी होते, आयुष्यात कधी कंट्रोलर न धरलेले एक बँक कर्मचारी होते आणि सगळा जन्म पंचवटीत काढलेली माझी मावशी होती. प्रत्येकाच्या मागे बसून मी फोनवर पडदा आणि हात दोन्ही दिसतील असे चित्रण केले आणि तोंड बंद ठेवले. कोणी ‘आता काय करू?’ असे विचारले तर ‘तुम्हाला काय वाटते?’ एवढेच उत्तर द्यायचे, हा माझा जुना नियम आहे. स्वतः केलेल्या गेमच्या वेळी तो पाळणे फार कठीण जाते, कारण ‘अहो, ते निळे बटण दाबा’ हे शब्द जिभेच्या टोकावर येऊन थांबलेले असतात. तुमच्या स्वतःच्या चाचण्यांत तुम्ही तो पाळला नसावा, असा माझा अंदाज आहे, कारण सुरुवातीचा भाग अन्यथा टिकलाच नसता. ब्रह्मगिरीवर उल्का पडते, तिच्या प्रकाशात नायकाला शक्ती मिळते, मग त्याचे स्वगत, मग शहराचे विहंगम दृश्य, अशी दोन मिनिटे चाळीस सेकंद तुम्ही खेळणाऱ्याला नुसते बसवून ठेवले आहे. सातपैकी सहा जण त्या वेळात एकेक बटण दाबून हे दृश्य ओलांडता येते का ते पाहत होते. नमनालाच घडाभर तेल जाळले आहे. तो भाग काढून टाका आणि नायकाला थेट होळकर पुलाच्या कठड्यावर उभा करून गेम सुरू करा.

आता उड्डाणाकडे येतो, कारण तुमचे सर्वाधिक कष्ट तिथे गेले आहेत आणि ते दिसतातही. हवेत वळताना कॅमेरा किंचित मागे रेंगाळतो, वेग वाढला की दृश्याचा कोन रुंदावतो, पाण्यालगत उडताना मागे फेसाची रेघ उमटते. हे सारे चांगले जमले आहे. दोष आहे तो उड्डाणाच्या पहिल्या क्षणात. बटण दाबल्यावर नायक हलायला उशीर लागतो असे तीन जणांनी आपणहून सांगितले, म्हणून मी सेकंदाला २४० फ्रेम, म्हणजे सुटी चित्रे, टिपणाऱ्या फोनने चित्रण करून मोजणी केली. अंगठा बटणावर टेकल्यापासून नायक जमीन सोडेपर्यंत ३८ फ्रेम जातात, म्हणजे जवळजवळ १५८ मिलिसेकंद. यातला काही वेळ पडद्याचा आणि कंट्रोलरचा असतो, पण त्याच बटणाने मेनूतला पर्याय निवडला तर प्रतिसाद १६ फ्रेममध्ये येतो. तेव्हा उरलेल्या २२ फ्रेमची, म्हणजे सुमारे ९२ मिलिसेकंदांची, जबाबदारी तुमच्या कोडवर येते. कारण उघड आहे: नायक उडण्याआधी गुडघे वाकवतो आणि ते अॅनिमेशन पूर्ण होईपर्यंत तुम्ही त्याला वेग देतच नाही. याच्या उलट करा. वेग पहिल्याच फ्रेमला द्या आणि गुडघे वाकवण्याची ऐट शरीर वर जात असताना उरकून घ्या. पाहणाऱ्याला फरक कळणार नाही, खेळणाऱ्याच्या अंगठ्याला मात्र लगेच कळेल.

हा दोष एका संध्याकाळी दुरुस्त होईल. त्याच्या मागचा मोठा प्रश्न मात्र असा सुटणारा नाही. तुमचा नकाशा होळकर पुलापासून तपोवनाच्या दिशेने १२०० मीटर लांब आहे आणि नायकाचा सर्वोच्च वेग सेकंदाला ८० मीटर आहे. भागाकार केला तर पंधरा सेकंद येतात. रामकुंड, नारोशंकराचे मंदिर, गाडगे महाराज पूल, अकरा महिने खपून उभे केलेले हे सारे पंधरा सेकंदांत मागे पडते, आणि मग नायक नकाशाच्या कडेला अदृश्य भिंतीवर डोके आपटतो. माझ्या सहकाऱ्याने त्यावर नकाशा मोठा करण्याचा सल्ला दिला. मला तो पटत नाही. नकाशा दहापट केला तर तुमचे काम दहापट वाढेल आणि खेळणाऱ्याला मिळतील अडीच मिनिटे.

सर्वशक्तिमान नायकाची ही अडचण गेम करणाऱ्यांना नवी नाही. १९९९ साली आलेल्या निन्टेन्डो ६४ या गेमयंत्रावरच्या सुपरमॅन गेमने नायकाला ठरावीक वेळेत हवेतल्या कड्यांमधून उडायला लावले आणि ती कडी पुढे थट्टेचा विषय झाली. तुमच्याही सरावाच्या भागात अकरा सोनेरी कडी आहेत. त्यांकडे पाहून कोणत्याही प्रकाशकाच्या माणसाला तोच गेम आठवेल, म्हणून ती आजच काढा. २००४ च्या स्पायडरमॅन २ गेमने मात्र फार विचारपूर्वक काम केले. त्याआधीच्या, २००२ च्या गेममध्ये जाळ्याचे धागे जणू आभाळालाच चिकटत. २००४ मध्ये ते खऱ्या इमारतींना चिकटू लागले, आणि त्या एका निर्बंधामुळे शहरातून जाणे हेच एक कौशल्य होऊन बसले. इमारत नसेल तिथे झोका नाही, हे कळल्यावर खेळणारा रस्ता निवडायला लागतो. हीच कल्पना जशीच्या तशी तुम्हाला उचलता येणार नाही, कारण जुन्या नाशकातले वाडे दुमजली-तिमजली आहेत आणि तुमचा नायक झोके घेत नाही. पण शक्ती कमी न करता तिला खऱ्या जगातल्या कशाला तरी बांधून टाकणे, हे तत्त्व तुमच्या कामाचे आहे.

मारामारीबद्दल थोडक्यात सांगतो. सराफ बाजारातले बारा गुंड तीन-तीन ठोशांत पडतात आणि नायकाला काहीही लागत नाही, त्यामुळे ती मारामारी राहत नाही, छत्तीस ठोशांची मोजदाद होते. दुसऱ्या टोळीच्या वेळी सातपैकी पाच जण सरळ उडून निघून गेले. २००९ च्या बॅटमॅन: अर्खम असायलममध्ये हाणामारी रंगते, त्याचे एक कारण असे की तिथला नायक माणूस आहे, बंदुका घेतलेल्या लोकांसमोर तो उघडा उभा राहिला तर लवकर मरतो, म्हणून त्याला अंधार, उंची आणि शत्रूची पाठ शोधावी लागते. तुमच्या नायकाला पाठ शोधण्याचे कारणच नाही. त्याला ते कारण देण्यासाठी एखादा जादूचा खडा किंवा शक्ती शोषणारा खलनायक आणू नका. ती पळवाट सगळ्यांना पाठ आहे. माझे मत विचाराल तर मारामारी पूर्ण वगळावी.

कारण तुमचा खरा गेम शेवटच्या साडेतीन मिनिटांत आहे आणि तो तुम्ही शोभेसाठी ठेवला आहे. पाणी चढत असते, चार छपरांवर चार माणसे असतात, नायकाला एका वेळी एकालाच उचलता येते. या भागाआधी खोलीत शांतता होती. इथे आल्यावर लोक पडद्याशी बोलायला लागले. दहावीतली मुलगी ‘आधी आजींना, आधी आजींना’ असे स्वतःलाच बजावत होती. बँकेतले गृहस्थ, ज्यांना तोवर कॅमेरा फिरवणेही धड जमले नव्हते, त्यांनी एक मूल बुडाल्यावर कंट्रोलर खाली ठेवला आणि ‘पुन्हा सुरू करता येते का?’ असे विचारले. आधीच्या अकरा मिनिटांत कोणीही पुन्हा काही करायला मागितले नव्हते. माझ्या लेखी प्रोटोटाइपमधली सर्वांत मोलाची नोंद हीच आहे.

इथे निर्बंध नायकावर नाही, त्याच्या हातातल्या माणसावर आहे, आणि तुम्हाला हवे असलेले बंधन तेच आहे. २००६ च्या सुपरमॅन रिटर्न्स गेमने याच दिशेने एक पाऊल टाकले होते: नायकाला इजा होत नसल्यामुळे आरोग्याची पट्टी त्याच्याऐवजी शहराला दिली होती. निदान अचूक होते, पण पट्टी कमी झाली म्हणजे नेमके कोणाचे काय गेले, हे पट्टी सांगत नाही. छपरावरची आजी मात्र ते सांगते.

या बंधनाला बळकटी देण्यासाठी भौतिकशास्त्र तुमच्या बाजूने उभे आहे, त्याचा उपयोग करा. सध्या नायक अर्ध्या सेकंदात ताशी २८८ किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला ८० मीटरचा वेग गाठतो, आणि कडेवर मूल असतानाही तसाच गाठतो. हे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सोळापट झाले. नायकाला ते सोसेल, पण मुलाचे काय होईल ते सांगायला नको. समजा तुम्ही असा नियम केला की धडधाकट माणसाला उचलले असताना त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या दुपटीपुढे जाणार नाही आणि म्हातारे किंवा लहान मूल असेल तर एकपटीपुढे जाणार नाही. छपरापासून निवाऱ्यापर्यंतचे ३०० मीटर रिकाम्या हातांनी सव्वाचार सेकंदांत होतात. तरुणाला घेऊन, मध्यापर्यंत वेग वाढवत आणि मग तितक्याच हळुवारपणे कमी करत गेले तर पावणेआठ सेकंद लागतात. आजींना घेऊन अकरा सेकंद. नायकाची एकही शक्ती तुम्ही काढून घेतलेली नाही, पण आता प्रत्येक फेरीला हिशोब आहे: जवळच्या आजी की लांबचे दोन तरुण? आणि ज्याने घाई केली त्याच्या हातात बेशुद्ध माणूस येईल, हे दाखवायला एक शब्दही लिहावा लागणार नाही. सुरुवातीला वाटलेला नकाशाचा प्रश्नही इथे सुटतो, कारण पंधरा सेकंदांचा तोच काठ आता पुरून उरतो.

पाण्याची पातळी दाखवण्यासाठी तुम्ही पडद्याच्या कोपऱ्यात निळी पट्टी ठेवली आहे. सातपैकी एकानेही तिच्याकडे पाहिले नाही, आणि मावशीला तर तिची गरजच भासली नाही. तुमच्याच नकाशात नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहून ती म्हणाली, ‘कमरेला लागलं की रे पाणी, आता भांडीबाजारवाल्यांनी माल वर चढवायला हवा.’ गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला की पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आले असे विचारण्याची नाशिककरांची रीत तुम्हाला माहीत आहेच. ऑगस्ट २०१९ च्या पुरात तो बुडाल्याचे तुम्ही पाहिलेही असेल. जगातल्या कोणत्याही डिझायनरला हेवा वाटावा अशी मोजपट्टी गावाने तुम्हाला बांधून दिली आहे आणि तुम्ही तिच्या शेजारी निळी रेघ काढली. ती पट्टी काढा. बाहेरगावच्या खेळणाऱ्याला ही भाषा येत नसणार, पण ती शिकवणे सोपे आहे: पाणी गुडघ्याला लागते तेव्हा घाटावरच्या टपऱ्या जातात, कमरेला लागते तेव्हा एखादी ठरलेली गल्ली बंद होते, छातीला लागते तेव्हा तिसरे काहीतरी, आणि हे प्रत्येक वेळी तसेच घडते. दोन डाव झाले की कोल्हापूरचा माणूसही मान वळवून आधी मारुतीकडे पाहील.

पाणी सलग चढवण्याऐवजी टप्प्याटप्प्याने चढवा. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की त्याची घोषणा होते आणि ते पाणी शहरात पोहोचायला वेळ लागतो. तो मधला वेळ म्हणजे खेळणाऱ्याला योजना करण्याची संधी. भोंगा वाजला, आकडा ऐकू आला, आता लाट येण्याआधी कोणते छप्पर रिकामे करायचे? आज तुमच्या पुरात केवळ प्रतिक्रिया आहे. यामुळे त्यात विचार येईल.

मारुतीच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगा. धाकट्या भाच्याने नायकाला थेट मूर्तीच्या मस्तकावर उतरवले आणि मावशी ओरडली, ‘अरे, मारुतीच्या डोक्यावर पाय काय ठेवतोस, उतर आधी!’ आम्ही हसलो, पण तिचे म्हणणे खोटे नव्हते. मूर्ती आणि मंदिरांचे कळस यांवर उतरताच येणार नाही अशी व्यवस्था करा. अदृश्य भिंत न घालता नायक आपोआप शेजारच्या पायरीवर वळेल असे केले तर कोणाला टोचणारही नाही. घाटाचे रूप २०२७ च्या सिंहस्थासाठी चाललेल्या कामांमुळे बदलणार आहे, म्हणून तुमचा नकाशा कोणत्या वर्षीचा आहे तेही एकदा ठरवून टाका.

तांत्रिक बाजूची एकच गोष्ट तातडीची आहे. माझ्या मध्यम किमतीच्या लॅपटॉपवर गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतो आणि पूर चढला की २४ वर घसरतो, म्हणजे ज्या ठिकाणी सेकंदाचा हिशोब आहे नेमक्या तिथे प्रत्येक फ्रेमला सुमारे ४२ मिलिसेकंद लागू लागतात. याचे कारण तुमचे पाणी निळे, पारदर्शक आणि प्रतिबिंब दाखवणारे आहे. त्याच्या आरपार दिसणारे सगळे पुन्हा रंगवावे लागते. पण पुराचे पाणी असे असते का? ते चहासारखे गढूळ असते आणि त्यातून वितभर खालचेही दिसत नाही. अपारदर्शक तपकिरी पृष्ठभाग, त्यावर वाहून जाणारी चार लाकडे आणि एखादे पिंप एवढे पुरेल. ते खरेही दिसेल आणि स्वस्तातही पडेल. पाण्याखाली काय आहे ते न दिसण्याची भीती वर फुकट मिळेल.

पोशाखाबद्दलही सांगायला हवे. तांबडा झगा आणि छातीवर पंचकोनी ढाल ही जोडी पाहून कोणताही वकील भुवया उंचावेल. मार्व्हल आणि डीसी या कॉमिक्स कंपन्यांच्या संयुक्त मालकीची ‘सुपर हिरो’ या शब्दांवरची अमेरिकेतील व्यापारचिन्हे २०२४ मध्ये रद्द झाली, पण त्यामुळे मोकळा झाला तो शब्द. त्यांची पात्रे आणि त्यांची चिन्हे अजून त्यांचीच आहेत. पुरात पोहणाऱ्या जीवरक्षकांकडे पाहा, दोरखंड, फुगवलेली ट्यूब, डोक्याला बांधलेला पंचा. तिथून पोशाख काढला तर तो तुमचाच राहील.

पुढचे पाऊल असे टाका. आजचा बिल्ड तारखेसह बाजूला जपून ठेवा, कारण उड्डाणाचा कोड तुम्हाला लागणार आहे. त्यानंतर तीन आठवडे, त्याहून एक दिवसही जास्त नाही, ‘आधी कोणाला उचलावे हा निर्णय पुन्हा पुन्हा घ्यावासा वाटतो का?’ या एकाच शंकेसाठी नवा प्रोटोटाइप करा. करडे ठोकळे, तपकिरी पाणी, मारुती, सहा छपरे, एक निवारा, चार मिनिटे. कथा नको, गुंड नकोत, संगीतही नको. काम सुरू करण्यापूर्वीच यशाची अट कागदावर लिहून चौघांनी सही करा, नाहीतर निकाल लागल्यावर अट वाकवण्याचा मोह होतो. मला स्वतःला तो झाला आहे आणि त्यात दीड वर्ष गेले. माझी सुचवलेली अट अशी: गेम कधीही न पाहिलेल्या आठ जणांपैकी किमान पाच जणांनी, कोणी न सांगता, हरल्यावर दुसरा डाव सुरू करावा, आणि आपण का हरलो ते स्वतःच्या शब्दांत सांगावे. दोन्ही झाले तर प्रकाशकाला दाखवायला तीच चार मिनिटे पुरतील. पहिले झाले आणि दुसरे नाही, तर नियम अस्पष्ट आहेत. आणखी एक आठवडा घ्या. दोन्हींपैकी काहीच झाले नाही तर थांबा आणि उड्डाणाचा कोड दुसऱ्या कल्पनेसाठी वापरा.

तो बिल्ड झाला की मला जरूर पाठवा. मावशीने आत्ताच विचारून ठेवले आहे. सोबत टिपणे मात्र पाठवू नका.